व्हीपीएन चालू दिसतं, पण काटापट्टी जात नाही : शाखांची जोडणी वारंवार तुटते तेव्हा

कापसाचा सीझन लागला की ही तक्रार ठरलेली. "भाऊ, व्हीपीएन तं चालू दाखवते, पण काटापट्टी नाही जाऊन राहिली." काटापट्टी म्हणजे काट्यावरच्या वजनाची पावती. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापूसगाड्या लागलेल्या असतात, काट्यावरचे दिवाणजी हैराण असतात, आणि तिकडे हेड ऑफिसात चुकारे काढणारा माणूस पट्टीची वाट पाहत बसलेला असतो. कोणीतरी राउटर बंद करून चालू करतं, काम सुरू होतं, सगळे विसरून जातात. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

हा बिघाड बंद-चालू करून कायमचा जात नाही, कारण बहुतेक वेळा तो व्हीपीएनमध्ये नसतोच. तो त्याच्या खाली असतो: विजेत, राउटरच्या घड्याळात, इंटरनेट कंपनीने दिलेल्या पत्त्यात, पॅकेटच्या म्हणजे डेटाच्या एकेका तुकड्याच्या आकारात. प्रत्येक कारणाची तुटण्याची वेळ आणि तऱ्हा वेगळी असते. ती तऱ्हा पकडली की अर्धं काम झालं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक मांडणी धरू. यवतमाळला हेड ऑफिस, तिथे फायबर आणि हिशेबाचा सर्व्हर. पांढरकवड्याला जिनिंग, तिथेही फायबर, काट्याचा संगणक आणि दोन-तीन पीसी. घाटंजीला खरेदी केंद्र, तिथे फक्त सिमवर चालणारा फोर-जी राउटर. तिन्ही ठिकाणचे राउटर इंटरनेटवरूनच एकमेकांशी कुलूपबंद बोगदा जोडतात, म्हणजे टनेल (यालाच व्हीपीएन म्हणतात), आणि मग तिन्ही ऑफिसं एकाच जाळ्यात असल्यासारखी चालतात. स्वतंत्र लीज्ड लाइनचा खर्च आपल्याकडच्या धंद्यांना झेपत नाही, म्हणून हीच पद्धत सगळीकडे आहे आणि ती चांगली आहे. व्हीपीएनच्या प्रकारांपैकी मी वायरगार्ड धरून लिहितो, कारण लहान राउटरवर तेच हलकं चालतं. २०२० सालच्या मार्चमध्ये ते लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये आलं आणि तेव्हापासून स्वस्त राउटरवरही सहज मिळतं. आयपीसेक हा दुसरा प्रकार वापरणाऱ्यांसाठी वेगळा भाग पुढे आहे. कोणाकडे अजून पीपीटीपी हा जुना प्रकार चालू असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, बदला. त्याची पासवर्डची पद्धत २०१२ मध्येच जाहीरपणे फोडून दाखवली गेली आहे.

आधी "चालू दाखवते" म्हणजे काय ते समजून घ्या. वायरगार्डमध्ये "जोडलेलं" अशी अवस्थाच नसते. राउटरच्या पानावर हिरवा ठिपका असतो, तो बहुतेक ठिकाणी एवढंच सांगतो की आपल्या बाजूची सेटिंग सुरू आहे. समोरचा बोलतो आहे की नाही, हे त्या ठिपक्यावरून कळत नाही. पाहायच्या त्या दोन गोष्टी वेगळ्या. एक, शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन्ही राउटरनी एकमेकांना ओळखून कुलपाची नवी किल्ली ठरवणं, कधी झाला. वाहतूक चालू असेल तर तो साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो, आणि तीन मिनिटांपेक्षा जुन्या किल्लीवर काहीच जात नाही. दुसरी, पाठवलेला आणि आलेला डेटा. पाठवलेला आकडा वाढतोय आणि आलेला जागीच आहे, याचा अर्थ आपण दार ठोठावतोय आणि पलीकडून उत्तर नाही. फोनवर मदत मागाल तेव्हा "हिरवं आहे" सांगू नका, हे दोन आकडे सांगा.

मग काट्याजवळ एक वही ठेवा. तारीख आणि वेळ. त्याच्या आधी लाइन, म्हणजे वीज, गेली होती का. काय चालत होतं आणि काय अडलं होतं. आणि काय केल्यावर सुरू झालं. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण "इथला राउटर बंद-चालू केला" आणि "यवतमाळचा केला" यात रोगच वेगळा निघतो. महिन्याभराची अशी वही समोर असली की हजारो रुपयांचं उपकरण घेण्याआधी खरं कारण सापडतं. वही भरणारा माणूस एकच असू द्या आणि त्याला हे का लिहायचं ते समजावून सांगा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात "नेट बंद होते" एवढीच नोंद राहते.

लाइन गेली, आली, पण टनेल आलं नाही

आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळा दिसणारी तऱ्हा हीच, म्हणून इथे थोडं थांबतो.

वीज परत येते तेव्हा सगळी उपकरणं एकदम उठत नाहीत. राउटर लवकर उठतो, फायबरचा डबा दोन-तीन मिनिटं घेतो. राउटर उठल्याउठल्या हेड ऑफिसच्या नावाचा पत्ता विचारतो, तेव्हा इंटरनेट आलेलंच नसतं. हेड ऑफिसला कायमचा पत्ता नसेल आणि तुम्ही डायनॅमिक डीएनएसचं नाव (बदलत्या पत्त्याकडे नेणारं कायमचं नाव; नावावरून पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस) वापरत असाल, तर अडचण आणखी वाढते. वायरगार्ड नावावरून पत्ता एकदाच काढतो, जोडणी सुरू करताना. यवतमाळला लाइन जाऊन आली आणि कंपनीने नवा पत्ता दिला, तर पांढरकवड्याचा राउटर जुन्याच पत्त्यावर ठोठावत राहतो, कितीही तास. शाखेचा राउटर बंद-चालू केला की तो नाव पुन्हा विचारतो आणि चालतो. वहीत "इथला राउटर बंद-चालू केल्यावर सुरू" अशा नोंदी दिसल्या तर आधी इथेच पाहा.

यावर सरळ उपाय म्हणजे हेड ऑफिसला स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा पत्ता. वर्षाला थोडे पैसे जातात, पण पैसे लावायची हीच जागा आहे. ते जमत नसेल तर दर एक-दोन मिनिटांनी नाव पुन्हा तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वायरगार्डसाठी अशी वॉचडॉग स्क्रिप्ट तयारच येते, ती फक्त वेळापत्रकात टाकायची असते.

आता उलटी नोंद पाहू: शाखेचा राउटर कितीदाही बंद-चालू केला तरी काही होत नाही, आणि हेड ऑफिसचा राउटर बंद-चालू केला की लगेच चालतं. मग लोक म्हणतात, हेड ऑफिसचा राउटर खराब आहे, बदला. तो अगदी ठणठणीत असतो. चूक शाखेच्या घड्याळात असते.

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण याचा कुठेही एरर दिसत नाही. जोडणी सुरू करताना शाखेचा राउटर पहिल्याच संदेशात स्वतःची वेळ घालून पाठवतो. हेड ऑफिसचा राउटर त्या शाखेकडून आलेली सगळ्यात अलीकडची वेळ लक्षात ठेवतो, आणि तिच्याहून जुनी वेळ असलेला संदेश गुपचूप टाकून देतो. कोणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवला तर तो चालू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. पण स्वस्त राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की वेळ गेली. परत उठताना काही राउटर १ जानेवारी १९७० समजून उठतात, काही फर्मवेअर बनलं त्या तारखेला उठतात. हेड ऑफिसच्या लेखी हा संदेश कालच्यापेक्षा जुना, म्हणून तो फेकला जातो. हेड ऑफिसचा राउटर बंद केला की त्याची आठवण पुसली जाते, म्हणून त्यानंतर जुन्या तारखेचा संदेशही चालून जातो. बंद-चालू करण्यात जादू ती एवढीच.

एरवी राउटर इंटरनेटवरून वेळ आणतो आणि मिनिटाभरात सगळं जाग्यावर येतं. अडकतं कुठे, तर शाखेचं सगळंच इंटरनेट टनेलमधून नेलेलं असतं तिथे, किंवा डीएनएस फक्त हेड ऑफिसचा दिलेला असतो तिथे. मग घड्याळाला इंटरनेट हवं, इंटरनेटला टनेल हवं आणि टनेलला घड्याळ हवं. तिघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून टनेलमधून फक्त ऑफिसांचे आपसातले पत्ते जाऊ द्या, बाकीचं इंटरनेट शाखेतून थेट बाहेर काढा. डीएनएसमध्ये एक बाहेरचा पत्ता ठेवा. वेळेसाठी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आणि एनआयसी या दोघांचे वेळेचे सर्व्हर आहेत, ते टाका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं याच दोघांशी जुळवायला सांगितलं आहे, म्हणजे नियमातही बसतं.

तपासायचं कसं? लाइन येऊन पाच मिनिटं झाली की शाखेच्या राउटरच्या पानावर तारीख पाहा. एवढंच. सर्टिफिकेटवर चालणारं ओपनव्हीपीएन (व्हीपीएनचा आणखी एक प्रकार) किंवा आयपीसेक असेल तर हाच रोग "सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही" अशा ओळीने लॉगमध्ये दिसतो, तिथे निदान तो बोलतो तरी.

आणि या सगळ्याच्या आधी, राउटर आणि फायबरचा डबा दोन्हीला लहान बारा व्होल्टचा यूपीएस लावा. दोन्हीला, एकाला लावून उपयोग नाही. अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर पाहून, पिनचा आकार आणि प्लस-मायनस जुळवून घ्या. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण बहुतेक मॉडेलला असतं. ते नॉर्मलवर असेल तर वीज इन्व्हर्टरवर जाताना क्षणभराचा झटका बसतो. पंख्याला तो कळतही नाही, राउटर मात्र पडतो. बटण यूपीएसवर करा. पुष्कळ ठिकाणी एवढ्यावरच तक्रारी निम्म्याने कमी होतात.

शांत बसल्यावर तुटतं

सकाळी सगळं चालतं. दुपारी घाटंजीचे लोक जेवायला जातात. परत येण्याआधी यवतमाळहून तिकडे प्रिंट काढायला गेलं तर जात नाही. घाटंजीच्या माणसाने येऊन काहीतरी उघडलं की लगेच प्रिंट निघते. अशा नोंदी असतील तर कारण नॅटचं, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेकांना बसवण्याच्या पद्धतीचं आहे.

सिमवर आणि आता बऱ्याच फायबरवरही, कंपनी तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता देत नाही. शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते. ओळखायचं असं: राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही या सामाईक रांगेत आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच बाजूला काढला आहे. वॅनचा पत्ता १०. ने सुरू झाला तरी तेच समजा. आणखी खात्री हवी असेल तर "माझा आयपी" दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा पत्ता आणि राउटरवरचा पत्ता जुळतात का ते पाहा.

अशा जागी बाहेरून आत यायचं दार उघडं नसतं. आतून कोणी बोललं की कंपनीच्या यंत्रात थोड्या वेळासाठी वाट तयार होते, बोलणं थांबलं की ती वाट पुसली जाते. यूडीपीसाठी (वायरगार्ड ज्या पद्धतीने पॅकेट पाठवतं तिच्यासाठी) ही वाट किमान दोन मिनिटं राहावी असा संकेत आहे, पण प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटात पुसणारी जाळीही असतात. म्हणून वायरगार्डमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह नावाचा रकाना आहे, तो मुळात रिकामा असतो. शाखेच्या बाजूला, म्हणजे जो नॅटच्या मागे आहे त्याच्या बाजूला, तिथे २५ सेकंद लिहा. हेड ऑफिसला लिहून हे काम होत नाही, शाखेतच लिहावं लागतं.

दोन्ही टोकं अशी सामाईक पत्त्यामागे असतील तर ती सहसा थेट जुळत नाहीत, कितीही सेटिंग करा. मग एका टोकाला स्टॅटिक आयपी, किंवा मुंबईच्या डेटा सेंटरमधला लहानसा भाड्याचा सर्व्हर मधे ठेवून सगळ्या शाखा त्याच्याशी जोडायच्या. ज्या मालकाचं हेड ऑफिसही तालुक्याच्या गावी आहे त्याला मी दुसरा मार्ग सुचवतो, कारण मग हेड ऑफिसची वीज गेली तरी दोन शाखा एकमेकींशी बोलत राहतात.

लहान जातं, मोठं अडतं

पिंग, म्हणजे समोरचा जागा आहे का पाहणारं छोटं पॅकेट, जातं. लॉगिनचं पानही येतं. पण महिन्याचा अहवाल मागितला की चाक फिरत राहतं, रिमोट डेस्कटॉपला पासवर्ड दिल्यावर पडदा काळाच राहतो. राउटर बंद-चालू करूनही फरक नाही. लोक स्पीड वाढवून घेतात, शंभरचा प्लॅन दोनशेचा करतात, तरी फरक नाही. हा पॅकेटच्या आकाराचा प्रश्न आहे.

साध्या जाळ्यात एका पॅकेटचा आकार जास्तीत जास्त १५०० बाइट. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं पीपीपीओई कनेक्शन त्यातले ८ खातं, उरतात १४९२. वायरगार्ड आपलं वेष्टण चढवतं, ते जुन्या आयपीवर (आयपीव्ही४ वर) ६० बाइट आणि आयपीव्ही६ वर ८०. म्हणूनच वायरगार्डचा ठरलेला आकडा १४२० आहे: १५०० वजा ८०. आता गंमत नाही, हिशेब पाहा. पीपीपीओईवर जुन्या आयपीने गेलात तर १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, बसतं. तेच आयपीव्ही६ ने गेलात तर १४२० अधिक ८० म्हणजे १५००, आणि वाट १४९२ चीच आहे. अडलं. सिमच्या जाळ्यात वाट आणखीही अरुंद असू शकते. कापसाने शिगोशीग भरलेला ट्रक रेल्वेच्या बुटक्या पुलाखाली अडकावा, तसं मोठं पॅकेट अडतं आणि मोकळी जीप, म्हणजे पिंग, आरामात निघून जाते.

वाटेतल्या यंत्राने खरं तर "आकार कमी करा" असा निरोप परत पाठवायला हवा. पण मधे कुठेतरी फायरवॉल तो निरोपच अडवतो, आणि पाठवणारा बिचारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

मोजायचं कसं ते सांगतो. शाखेच्या विंडोज पीसीवर कमांडची काळी खिडकी उघडा. पिंग लिहा, पुढे हेड ऑफिसच्या सर्व्हरचा आतला पत्ता, मग उणे एफ, मग उणे एल आणि आकडा १४७२. उणे एफ म्हणजे पॅकेट तोडू नको, उणे एल म्हणजे एवढा आकार. त्यात वरचे २८ बाइट मिळवले की १५०० होतात. टनेलमधून हे जाणारच नाही, पण उत्तर काय येतं ते पाहा. "पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड" आलं तर चांगलं, म्हणजे आपला राउटर आकार ओळखून सांगतो आहे. आता आकडा दहा-दहाने उतरवत जा. एका टप्प्यावर तो निरोप यायचा थांबतो. तिथून लगेच रिप्लाय सुरू झाला तर आकार ठीक आहे, रोग दुसरीकडे शोधा. पण निरोप थांबल्यावर मधल्या काही आकड्यांना "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येत असेल आणि आणखी खाली गेल्यावरच रिप्लाय येत असेल, तर सापडलं. मधला तो पट्टा म्हणजेच तुमचा हरवलेला अहवाल.

ज्या आकड्याला पहिला रिप्लाय आला त्यात २८ मिळवा. तो टनेलचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार; दोन्ही टोकांना तोच लिहा. समजा १३५२ ला रिप्लाय आला, तर एमटीयू १३८०. राउटरच्या फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पीसींना लहान तुकडेच पाठवायला लावणारी सोय असते, तीही लावा. आकडा मागितला तर एमटीयू वजा ४०, म्हणजे इथे १३४०. मोजायला वेळच नसेल, बाहेर गाड्या उभ्या असतील, तर तेवढ्यापुरतं १२८० लिहून काम सुरू करा आणि संध्याकाळी निवांत मोजा. १२८० वर वेग किंचित कमी होतो, पण जवळपास सगळीकडून जातं.

बरोबर तासाने, किंवा बरोबर आठ तासांनी

आयपीसेकवाल्यांनी वहीतल्या वेळा एकमेकींतून वजा करून पाहाव्यात. अंतर दर वेळी सारखंच येत असेल तर किल्ली बदलण्याची वेळ तपासा. आयकेईव्ही२ मध्ये (आयपीसेकच्या किल्ल्या ठरवण्याच्या पद्धतीत) एक अडनिडी गोष्ट आहे: पीएफएस (दर वेळी किल्ली अगदी नव्याने काढण्याची सोय) एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असलं तरी पहिली जोडणी व्यवस्थित होते, कारण तेव्हा तो भाग तपासलाच जात नाही. तासाभराने किल्ली बदलायची वेळ येते तेव्हा दोघांचं जमत नाही आणि टनेल पडतं. बंद-चालू केलं की पुन्हा एक तास सुखाचा. दोन्ही राउटरची पानं शेजारी शेजारी उघडून फेज टूचा, म्हणजे डेटा नेणाऱ्या टनेलच्या सेटिंगचा, प्रत्येक रकाना जुळवा. दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर असतील तर एकाच गोष्टीला वेगळी नावं असतात, सावकाश पाहा. नॅटमागे असाल तर यूडीपी ५०० आणि ४५०० दोन्ही मोकळे हवेत.

इंटरनेटवाला येऊन गेल्यापासून

रस्त्याच्या कामात केबल तुटते, माणूस येतो, जोडतो आणि जाता जाता फायबरचा डबा बदलतो किंवा रीसेट करतो. नवा डबा आतले पत्ते १९२.१६८.१ पासून वाटायला लागतो. यवतमाळलाही तेच पत्ते असतील तर टनेल जुळतं, हँडशेक ताजा असतो, पण सर्व्हर सापडत नाही. शाखेचा पीसी १९२.१६८.१.१० ला स्वतःच्याच खोलीत शोधत असतो, तो टनेलकडे जातच नाही.

म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक ऑफिसला वेगळा पट्टा द्या. यवतमाळ १०.२०.१, पांढरकवडा १०.२०.२, घाटंजी १०.२०.३, असे क्रमाने. आणि कंपनीच्या डब्याला पीसी थेट जोडू नका. तुमचा राउटर मधे ठेवा, पीसी त्याच्या मागे. मग डबा बदलला तरी आतलं घर तसंच राहतं.

जाळं ठीक आहे, तरी टॅली रांगतं

इथे मी जरा ठासून बोलतो. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर टनेलमधून शेअर करून शाखेत उघडू नका. ते ऑफिसातल्या केबलसाठी आहे. एक पान उघडायला फोल्डरशी दोन हजार वेळा सवाल-जवाब होतात असं धरा. ऑफिसात एका सवाल-जवाबाला अर्धा मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंदात पान आलं. घाटंजीहून सिमवर तोच सवाल-जवाब साठ मिलिसेकंदाचा, म्हणजे दोन मिनिटं. यात प्लॅनचा स्पीड कुठेच येत नाही, म्हणून स्पीड वाढवून काही होत नाही. आणि नोंद लिहिताना मधेच जोडणी तुटली तर डेटा बिघडण्याची भीती वेगळीच. शाखेतून यवतमाळच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने बसा, फक्त चित्र इकडे येऊ द्या. मात्र तो रिमोट डेस्कटॉप टनेलच्या आतच ठेवा. राउटरवर पोर्ट ३३८९ जगाला उघडा करणं म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसला घरी बोलावणं.

काट्याचं तर त्याहून वेगळं. काट्याचं सॉफ्टवेअर आणि त्याचा डेटा काट्याच्याच संगणकावर हवा, आणि जोडणी असेल तेव्हा तो हेड ऑफिसला जाऊन मिळायला हवा. पहाटे गाव सोडून निघालेला शेतकरी, भाड्याची गाडी आणि तिच्यातले तीस क्विंटल, हे सगळं यवतमाळच्या इंटरनेटसाठी थांबून राहणं मला पटत नाही. विक्रेता म्हणेल की सगळं एकाच सर्व्हरवर सोपं पडतं. त्याला सोपं पडत असेल. वजन झालं की पट्टी हातात पडली पाहिजे, टनेल असो वा नसो.

काही किरकोळ पण खऱ्या गोष्टी. जिनिंगच्या ऑफिसात राउटर स्टॅबिलायझरवर ठेवलेला असतो आणि त्याच्या हवेच्या जाळ्यांवर रुईचा पातळ थर बसलेला असतो, बोटाने ओढला तर कापडासारखा निघतो. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारी दोन ते चार या वेळेतच तुटत असेल तर आधी हा थर काढा आणि राउटर भिंतीवर उभा टांगा. काट्याची केबिन आणि ऑफिस यांच्यात उघड्यावरून तांब्याची लॅन केबल गेलेली असेल तर पावसाळ्यापूर्वी ती काढून फायबर टाका. वीज जवळपास कुठेही पडली तरी त्या तांब्यातून दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. असे अर्धमेले पोर्ट पुढे कधी चालतात, कधी नाही, आणि बोल टनेलला लागतो.

"व्हीपीएन वापरायला बंदी आहे का?" हेही बरेच मालक विचारतात. २०२२ च्या त्या निर्देशांत ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याची अट लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. आपल्याच कंपनीची ऑफिसं जोडणारं अंतर्गत व्हीपीएन त्या अटीत येत नाही, हे सर्ट-इनने नंतरच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं आहे.

सीझनच्या आधी प्रत्येक शाखेसाठी एक जादा राउटर सेटिंग भरून तयार ठेवा, त्यावर गावाचं नाव चिकटवा आणि सेटिंगची फाइल हेड ऑफिसला ठेवा. दोन गोष्टी पाळा. जुना आणि जादा राउटर सेटिंगमधल्या एकाच किल्लीवर एकाच वेळी इंटरनेटला लावू नका. हेड ऑफिस शेवटी जिकडून पॅकेट आलं तिकडे उत्तर पाठवतं, त्यामुळे जोडणी मिनिटागणिक इकडून तिकडे उडते आणि कोणालाच काही कळत नाही. आणि कपाटातून काढलेला राउटर लावताना आधी त्याची तारीख पाहा, ती बरोबर झाल्यावरच यवतमाळला फोन करा.